समुद्राच्या हातची प्लेट

लांबून पाहिलं तर गोव्याचे कलाकार सुबोध केरकर यांची चिनी मातीची प्लेट तडकलेली वाटते. जवळ गेल्यावर कळतं, ती चीर नाही. झिलईवर चढून बसलेल्या कालवाची धार आहे. एकाला लागून दुसरं, दुसऱ्याच्या पाठीवर तिसरं, आणि मधल्या फटींत बार्नकलचे खरबरीत सुळके. बोट फिरवायचा मोह होतो. पण कालवानं कापलेली बोटं ज्यानं कोकणात पाहिली आहेत, तो हात मागेच ठेवतो.

केरकर मुळात डॉक्टर. वैद्यकी सोडून ते कलेकडे वळले आणि २०१५ मध्ये पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी ‘म्युझियम ऑफ गोवा’ उभं केलं. जांभा, शिंपले, होड्या, वाळूवर आकृती करून उभे राहिलेले मच्छीमार, असं किनाऱ्यावरचं बरंच काही त्यांच्या कामात येतं. माझे पाय मात्र या प्लेटांपाशीच अडतात, कारण इथे समुद्र चित्राचा विषय नाही, कारागीर आहे.

प्लेटा समुद्रात बुडवून महिनोन्‌महिने ठेवायच्या, एवढीच सुरुवात माणसाची. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं, टणक जागा हुडकतं, डाव्या शिंपल्यानं तिला चिकटतं आणि मग जन्मभर हलत नाही. पाण्यातलाच चुना घेऊन ते आपलं घर वाढवतं. बार्नकल तर कोळंबीच्या गोतातलं. ते डोकं चिकटवून बसतं आणि पायांनी अन्न ओढतं. ओहोटीला कालवं फोडणाऱ्या बायका वरचा शिंपला उडवून मांस काढून घेतात, तरी खालची पांढरी वाटी खडकालाच राहते. प्लेटेवरची पकडही तशीच.

कलाकाराकडे उरतो तो निर्णय: कुठे सोडायची, किती खोल, केव्हा वर घ्यायची. घाई केली तर नुसते ठिपके. फार थांबलं तर प्लेटच दिसेनाशी होईल. या थांबण्यातच मला त्यांचं खरं कसब दिसतं.

आणि वस्तू म्हणून प्लेटच का? १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे गेला, पुढे मकावला त्यांचं ठाणं झालं, आणि चिनी भांडी गोव्यावरून लिस्बनला जाऊ लागली. मिरची आणि काजूही पोर्तुगीजांच्याच जहाजांतून इथे उतरले. आज मिरचीवाचून हुमण, म्हणजे गोव्याची माशांची आमटी, सुचत नाही. जी गलबतं वाटेत बुडाली, त्यांतली भांडी अशीच अंगावर शिंपले घेत तळाशी पडून राहिली. हा इतिहास रंगवून दाखवता आला असता. केरकरांनी तो वारसा ज्या पाण्यानं आणला, त्याच पाण्याला कामाला लावलं, आणि म्हणून ही प्लेट मला कुठल्याही गलबताच्या चित्रापेक्षा खरी वाटते.

कालवं कधी काठाला गोळा होतात, कधी मधोमध दाटतात. ती मांडणी पसंत पडली नाही तर खोडरबर चालत नाही. नवी प्लेट पाण्यात सोडून पुन्हा महिनोन्‌महिने थांबावं लागतं.