तंबोऱ्याची जवारी आणि यंत्राची अक्कल

संगणकाने 1997 साली बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला हरवले, तेव्हा आपल्या बाजारपेठेत त्याची चर्चा चहाच्या कपापुरतीच झाली. 2016 साली 'गो' या खेळात दक्षिण कोरियाचा ली सेडॉल हरला, त्याची तर तेवढीही झाली नाही. मात्र 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि आता दुकानदार बंधूंचे चिरंजीवच विचारू लागले आहेत की, यंत्र माणसापेक्षा हुशार झाल्यावर कारागिराने करायचे काय?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीला हा प्रश्न नवा नाही. इथल्या बिरादरीचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अमलात हत्यारांचे काम आटले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये घडवायला घेतली. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि त्यांच्या कानाच्या कसोटीवर इथला तंबोरा अधिक सुरेल होत गेला. 1937 मध्ये खाँसाहेबांचा इंतकाल झाला. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची मजार आहे.

यंत्राचा पहिला फटका या धंद्याला चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच बसला. बंगळुरूहून इलेक्ट्रॉनिक तंबोरा बाजारात आला, नंतर तोच मोबाईलमध्ये शिरला. आज सातारा-कराडच्या एखाद्या गायन क्लासात जा, सूर फोनमधून येताना दिसेल. तो बेसूर होत नाही, प्रवासात फुटत नाही, हवेने उतरत नाही. रोजच्या रियाजाचे गिऱ्हाईक त्याने नेले, हे कबूल केले पाहिजे.

पण तंबोरा घडवणे हे काम वेगळे. भीमेकाठचा पंढरपूरकडचा भोपळा महिनोन्महिने वाळवायचा, त्याला लाकडी दांडी-तबली बसवायची, आणि सगळे झाल्यावर खरी परीक्षा जवारीची. घोडीचा माथा किंचित उतरता घासायचा आणि तारेखाली सुती जीवा सरकवून नेमकी जागा शोधायची. कानस एकदा जास्त फिरली तर आवाज बसतो. सर सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये या घोडीवर निबंध लिहिला. तार ज्या जागी छेडावी, तिथे काही उपस्वर उमटू नयेत असा पाश्चात्त्य शास्त्राचा नियम. तंबोऱ्यात मात्र ते उमटतात, हे त्यांनी दाखवले. म्हणजे नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाला ज्याचे नवल वाटले, ते आमचे अशिक्षित म्हणवले जाणारे उस्ताद पिढ्यान्पिढ्या हाताने करीत आले.

नव्या यंत्राची अक्कल लाखो नमुन्यांवरून येते. पत्रव्यवहाराचे, चित्रांचे, हिशेबाचे नमुने त्याला ढिगाने मिळाले, म्हणून कारकुनाची जागा आधी धोक्यात आली. जवारी काढणाऱ्या बोटांचा नमुना कुठेच लिहिलेला नाही. माणसाला कठीण वाटते ते यंत्राला सोपे आणि माणसाला सहज जमते ते यंत्राला अवघड, असे अमेरिकेतील यंत्रमानव-तज्ज्ञ हॅन्स मोरावेक 1988 मध्येच लिहून गेले. ही सवलत कायमची आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. उद्या कोणी हे आवाज आणि हात टिपून घेईल. तेव्हा टिपू देण्यापूर्वी मोबदल्याची लेखी बोली व्हावी.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. शागीर्द कमी झाले. जवारीला कान तयार व्हायला वर्षे लागतात आणि तोवर घर चालवायचे कसे, हे कोणी सांगत नाही. मुलगा पुण्याला कंपनीत लागला तर बापाला दोष देता येईल काय?

2024 मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद झाला. पण 1999 च्या कायद्याप्रमाणे नुसते मानांकन मिळून भागत नाही. प्रत्येक कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवावे लागते, आणि ती नोंद दहा वर्षांनी नवी करावी लागते. परमुलखातला माल मिरजेच्या नावावर विकणाऱ्याला कोर्टात खेचायचे तर ही नोंद हाताशी हवी. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत भरावा लागतो म्हणून मागे राहू नये. तेवढे काम तर ते नवे यंत्रही करून देते. फक्त सही करण्यापूर्वी जाणत्याकडून वाचून घ्यावे.