आधी पूल की आधी मेट्रो? पुण्यातल्या प्रकल्पांचा क्रम नेमका ठरतो कसा?

जुलै 2020. कोरोनामुळे रस्ते ओस पडले होते आणि पुण्याच्या विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पाडायला सुरुवात झाली. पूल काही मोडकळीला आला नव्हता, वय जेमतेम दीड दशक. पण हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचे खांब बसवायला जागाच उरली नव्हती. म्हणून जुना पाडून दुमजली पूल बांधायचं ठरलं: खालच्या मजल्यावर गाड्या, वर मेट्रो. नव्या पुलाची एक बाजू सुरू व्हायला 2025 उजाडलं. मधल्या काळात औंध, बाणेर, पाषाणच्या लोकांनी त्या चौकात काय भोगलं, ते वेगळं सांगायला नको.

पूल बांधताना मेट्रोचा विचार कुणीच का केला नाही?

कारण पुण्याच्या वाहतुकीला एक मालक नाही. शहरातले रस्ते पुणे महापालिकेचे, पलीकडचे पिंपरी-चिंचवडचे. त्याबाहेर 2015 साली स्थापन झालेलं पीएमआरडीए. बाह्य रिंगरोड एमएसआरडीसीकडे, मुंबई-बेंगळुरू महामार्ग केंद्राच्या महामार्ग प्राधिकरणाकडे, लोकल रेल्वेकडे आणि बस पीएमपीकडे. मेट्रोतही दोन घरं आहेत: स्वारगेट आणि वनाजच्या मार्गिका महामेट्रोच्या, हिंजवडीची पीएमआरडीएची, तीही खासगी भागीदारीत.

कागदावर यावर उपाय आहे, सर्वंकष वाहतूक आराखडा. घरोघरी सर्वेक्षण होतं, चौकाचौकात वाहनं मोजली जातात, कोण कुठून कुठे जातं ते पाहिलं जातं. त्यावरून पुढच्या वीस-तीस वर्षांचा अंदाज बांधून कोणता प्रकल्प आधी आणि कोणता नंतर, हे ठरतं. केंद्राच्या 2017 च्या मेट्रो धोरणानुसार असा आराखडा असल्याशिवाय मेट्रोचा प्रस्ताव पुढे जात नाही. शिवाय बससारखे पर्याय तपासावे लागतात.

पण गोम अशी की या आराखड्याला कायद्याचं बळ नाही. ते असतं विकास आराखड्याला. 1966 च्या नगररचना कायद्याखाली तो तयार होतो आणि त्यावर नागरिकांच्या हरकती-सूचना घ्याव्याच लागतात. रस्त्यासाठीचं आरक्षण त्यात पडलं, तरच जागा राखून ठेवली जाते. अर्थात आरक्षण पडलं म्हणजे काम झालं, असंही नाही. शहराभोवती फिरणारा एचसीएमटीआर हा मार्ग 1987 च्या विकास आराखड्यात आहे. त्याची निविदा निघायला तीस वर्षं लागली आणि दर फार चढे आले म्हणून तीही गुंडाळावी लागली.

कधी आडवं काहीतरी भलतंच येतं. पुणे-नाशिक वेगवान रेल्वे नारायणगावमार्गे जाणार होती. तिथं खोडदला जीएमआरटी ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. अवकाशातले अतिशय क्षीण संकेत टिपणाऱ्या 30 अँटेना तिथं आहेत आणि जवळून धावणाऱ्या विजेच्या रेल्वेमुळे त्यात व्यत्यय येण्याची भीती. मार्गच बदलायची वेळ आली. मंचर, नारायणगाव, संगमनेरच्या लोकांना साहजिकच ते रुचलं नाही, कारण रेल्वेच्या आशेवर तिथले कितीतरी बेत आखले गेले होते.

या सगळ्यात बस कायम मागे राहते. पीएमपीची तूट पुणे महापालिका 60 आणि पिंपरी-चिंचवड 40 टक्के भरते. म्हणजे नवी बस घेतली की दरवर्षीचा खर्च आला. पुलाचं तसं नाही, एकदा पैसे दिले की फीत कापायला मिळते. 'वाहनं नव्हे, माणसं हलवा' हा केंद्राच्या 2006 च्या नागरी वाहतूक धोरणाचा गाभा. त्याच वर्षी पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी सुरू झाली, पण तिचे बरेच पट्टे पुढे उखडले गेले.

रेल्वेची अडचण आणखी वेगळी. पुणे-लोणावळा दरम्यान रूळ दोनच आहेत. त्यांवरूनच लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकलही धावतात. लोकल वाढवायच्या तर तिसरी-चौथी मार्गिका हवी. ती हवी यावर कुणाचंच दुमत नव्हतं. तरी खर्चाचा वाटा कुणी किती उचलायचा, या हिशेबात प्रस्ताव वर्षानुवर्षं रेंगाळला.