‘ग्रब रेस्क्यू’ दिसलं म्हणजे डेटा गेला?

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं सबमिशन तोंडावर आलेलं, लॅपटॉप उघडावा तर काळ्या पडद्यावर फक्त ‘ग्रब रेस्क्यू’. कुणीतरी सांगतं, ‘हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारावं लागेल.’ जळगावात काय किंवा धुळ्यात काय, या सल्ल्यापायी होणारं नुकसान मूळ बिघाडापेक्षा कितीतरी मोठं असतं.

ग्रब हा लिनक्सला उठवणारा बूट लोडर. तो मेसेज दाखवतोय, म्हणजे त्याचा पहिला भाग डिस्कवरूनच वाचला गेलाय. सापडत नाहीये तो ‘बूट’ फोल्डरमधला पुढचा भाग. बहुतेकदा विंडोजमधून कुणीतरी पार्टिशन उडवलेलं किंवा सरकवलेलं असतं. तिथेच ‘एलएस’ टाइप केलं की पार्टिशनची यादी येते. त्यातलं लिनक्सचं पार्टिशन शोधून ‘रूट’ आणि ‘प्रीफिक्स’ नव्याने सांगितले, ‘नॉर्मल’ मॉड्यूल लोड करून ‘नॉर्मल’ ही कमांड दिली, की मेनू परत येतो. लिनक्स सुरू झाल्यावर ग्रब पुन्हा इन्स्टॉल करायचं. हे जमलं नाही तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा आणि आधी फाइल्स बाहेर काढून घ्या. फॉरमॅटचं नंतर बघू.

विंडोजच्या अपडेटने लिनक्स पुसलं जातं, हाही असाच समज. बहुधा बायोसमधला बूट क्रम तेवढा बदललेला असतो. 13 ऑगस्ट 2024च्या मायक्रोसॉफ्ट अपडेटनंतर जगभर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेली अनेक ड्युअल बूट मशीन अडली, पण तेव्हाही लिनक्स जागेवरच होतं. सुरू होताना बूट लोडर तपासणारं सिक्युअर बूट जुन्या बूट लोडरला आत येऊ देत नव्हतं, इतकंच. ते तात्पुरतं बंद करून काम भागलं. मात्र विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकर, चालू असेल तर आधी रिकव्हरी की हाताशी ठेवा, नाहीतर विंडोजच कुलूपबंद व्हायचं.

उलट, ग्रबच्या मेनूत विंडोज दिसेना म्हणून घाबरणारेही आहेत. 2021च्या 2.06 आवृत्तीपासून ग्रब दुसऱ्या सिस्टिम आपणहून शोधत नाही. ‘ईटीसी’तल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरमध्ये ग्रबची सेटिंगची फाइल असते. तिथे हे शोधायचं काम करणारा ओएस प्रोबर चालू करून ‘अपडेट-ग्रब’ चालवा. ‘ग्रब डॉट सीएफजी’ला हात लावू नका, ती दर अपडेटला नव्याने लिहिली जाते.

आणि लिनक्सचं अपडेट चालू असताना वीज गेली तर? नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अर्धवट राहतो, जुना सहसा शाबूत असतो. मेनूतल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून तो निवडा आणि राहिलेलं अपडेट लगेच पूर्ण करून घ्या.