पाणी येतं साखळी सोडल्यावर

शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यात, मागच्या अंगणातल्या संडासात कधी मान वर करून पाहिलंय? हात पोचणार नाही इतक्या उंचावर बिडाची काळपट टाकी, बाहेर आलेला दांडा, त्याला लोंबणारी साखळी. ओढली की पाणी कोसळतं, हे पोराटोरांनाही ठाऊक. पण नीट लक्ष द्या: पाणी साखळी ओढल्यावर येत नाही, सोडल्यावर येतं!

आत बूच नाही, झडपही नाही. टाकीच्या तळातून एक उभा पाइप वर येतो आणि पाण्याच्या पातळीच्या जरा वर त्याचं तोंड उघडंच असतं. दहा-बारा लिटर पाणी एका उघड्या भोकाभोवती मुकाट उभं! काठ उंच, म्हणून सांडत नाही, एवढंच. त्या पाइपावर बिडाची जड घंटा पालथी घातलेली. साखळी ओढली की घंटा उचलली जाते. सोडली की ती धाडकन खाली बसते आणि आत सापडलेलं पाणी, दुसरी वाटच नसल्यानं, काठावरून पाइपात उडी घेतं.

ही उडी फक्त पहिल्या थोड्या पाण्याची. मग बाकीचं? ते आपणहून चढतं! खाली धावणारं पाणी घंटेतली हवा सोबत ओढून नेतं, आतला दाब घटतो आणि बाहेरच्या हवेचा दाब टाकीतल्या पाण्याला काठापर्यंत वर रेटतो. पिंपातलं रॉकेल रबरी नळीनं काढताना पहिला घोट तेवढा तोंडानं ओढावा लागतो, पुढे धार सुरूच राहते, तोच सायफन. इथे तो घोट घंटा घेते. पातळी घंटेच्या खालच्या कडेशी आली की हवा आत घुसते, घर्रर्र होतं आणि सायफन तुटतो. थांबवायला कुणी लागत नाही.

हवेची गंमत पेठेला नवी नाही. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं, पंपाशिवाय, निव्वळ उतारावर. वाटेत दगडी उच्छ्वास बांधले, कोंडलेली हवा निघून जावी म्हणून. तिथे हवा अडथळा. टाकीत तीच कामाला जुंपलेली.

मग टाकी पुन्हा भरते, आणि काठोकाठ व्हायच्या आत थांबते. कशी? बॉलकॉक! साडेचार इंची पोकळ गोळा अर्धा बुडाला तरी पाणी त्याला पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास वर उचलतं. लांब दांड्यामुळे तो जोर कित्येक पटींनी वाढतो आणि गच्चीवरच्या टाकीचा दाब अंगावर घेऊन नळाचं भोक बंद करतो. विजेची तार नाही, पहारेकरी नाही.

सायफनचं खरं कौतुक मात्र वेगळंच. पाण्याखाली झडपच नाही, तर गळणार काय? ब्रिटनमध्ये घरगुती फ्लशला पाणी वाचवण्यासाठी सायफनच सक्तीचा होता. झडपेच्या टाक्यांना परवानगी मिळाली 2001 साली. आपल्या बटणाच्या टाक्यांत मात्र तळाशी रबरी वॉशर असतो. त्यात क्षाराचा एक कण अडकला की पाणी आवाज न करता रात्रभर भांड्यात झिरपतं. बटणाच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी: छोटं दाबलं तर साधारण तीन लिटर, मोठं दाबलं तर सहा. बिडाच्या घंटेला असा निम्मा हिशेब कुठला कळायला!

घंटेची टाकी बसवताना सगळी मेख पातळीत असते. म्हणून प्लंबर गोळ्याचा दांडा हातानं किंचित वाकवून पाणी पाइपाच्या काठाच्या बोटभर खाली थांबवतो. जास्त खाली राहिलं तर घंटा आपटूनही पुरेसं पाणी उडत नाही. काठावर चढलं तर बारीक धार पाइपाच्या अंगानं सरकत राहते. टाकी दिवसभर वाहते, पण सायफन काही धरत नाही. थेंबाथेंबानं त्यातली हवा हलत नाही, तिला एकदम लोंढाच लागतो!