येसराची आमटी

सोलापूर-पुणे महामार्गावर, मोहोळ तालुक्यात, चिंचोळीची औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यातील पाळी संपवून सायंकाळी घरी परतलेल्या आईबापांना उसंत नसते आणि मुले तर भुकेने व्याकूळ झालेली असतात. डाळ शिजेपर्यंत धीर कोणी धरावा? अशा वेळी येसराचा डबा साहाय्यास येतो.

गहू, बाजरी व हरभऱ्याची डाळ ही वेगवेगळी खमंग भाजून, त्यांत भाजलेले धने-जिरे मिसळून दळतात. या पिठालाच येसर म्हणतात. भाजल्याने धान्यातील ओलावा उडून जातो, म्हणून हे पीठ बरेच दिवस टिकते.

प्रथम शेवग्याच्या शेंगा किंवा वांगी फोडणीत परतून, तिखटमीठ घालून पाण्यात शिजवावीत. पीठ मात्र उकळत्या पाण्यात कोरडेच टाकू नये. तसे केल्यास त्याचा बाहेरील थर तत्काळ फुगून चिकट होतो, आतील पीठ कोरडे राहते व गुठळ्या बनतात. ते आधी थंड पाण्यात कालवावे आणि ढवळत ढवळत ओतावे. मग प्रत्येक कण पाणी शोषून फुगतो व आमटी दाट होते. घाईच्या वेळी नेमकी हीच कृती गाळली जाते!

सोलापूरकडील कडक भाकरी या आमटीत कुस्करली, की रस पिऊन ती मऊ होते.