नव्या पेटीला जुनी कळा

आजोबांच्या वेळची लाकडी पेटी आपण पाहिलेली असते. धुराने ती काळपट झालेली असते. तिचे कोपरे झिजलेले असतात. कडीजवळ हात लागून लागून खालचा रंग दिसू लागलेला असतो. हल्ली पुष्कळ लोकांना असे सामान आवडते. मग ते सुताराला म्हणतात, "दादा, पेटी नवी करा, पण जुनी दिसू द्या." हे काम कसे करतात, ते आपण पाहू.

लाकूड चांगले वाळलेले हवे. ते काचकागदाने घासावे. धूळ पुसावी. मग तांबड्या रंगाचा एक हात द्यावा. तो पुरता वाळला, की कडांवर मेणबत्ती घासावी. त्यावर काळ्या रंगाचा दुसरा हात द्यावा. मेणावर रंग घट्ट बसत नाही. म्हणून वाळल्यावर काचकागद हलका फिरवला, की तिथला काळा रंग निघतो आणि खालचा तांबडा दिसतो.

खरी खुबी पुढेच आहे. सगळीकडे घासू नये. जुनी पेटी कुठे झिजते? जिथे हात लागतो, जिथे पाय घासतो, तिथेच. म्हणून कडीची जागा, झाकणाची कड आणि खालचे कोपरे एवढेच घासावे. शेवटी तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करावा. तो फडक्याने लावून लगेच पुसावा. खाचांत राहिलेला रंग जुन्या मळासारखा दिसतो. टर्पेंटाइन चटकन पेटते. जवळ चूल नको, विडी नको.

कोणी म्हणेल, "घरात रंगवलेली जुनी पेटी आहेच. तीच घासू." थांबा! पूर्वीच्या पुष्कळ रंगांत शिसे असे. शिसे म्हणजे विष. कोरडा रंग घासला, की त्याची बारीक धूळ उडते. ती श्वासातून आणि हातातोंडातून पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूला त्याने इजा होते. ती भरून येत नाही. आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून नियम आहे. घरगुती रंगाच्या दहा लाख भागांत शिसे ९० भागांहून जास्त नको. त्याआधीचा रंग कोरडा घासू नये. जाळूनही काढू नये. ती पेटी ओल्या फडक्याने पुसून ठेवावी. पोपडे निघत असतील, तर ती मुलांपासून दूर ठेवावी.

नवा रंग घेताना डब्यावर शिशाविषयी काय लिहिले आहे, ते वाचा. आता आपल्याला वाचता येते ना! मजकूर इंग्रजीत असेल, तर दुकानदाराला विचारा.

आणखी एक गोष्ट आम्ही सांगतो. पेटी नवी आहे, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. जुनी कळा देणे ही कारागिरी आहे. नवी पेटी जुनी म्हणून विकणे ही लबाडी आहे. कारागिराला त्याच्या हाताचे मोल मिळावे, लबाडीचे नको.