युगोस्लाव घटना : काही रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

समाजवादी राष्ट्राची घटना म्हणजे पक्षाच्या दप्तरात जपून ठेवलेला एक शोभेचा दस्तऐवज, ही आपल्याकडील सुशिक्षितांचीही समजूत युगोस्लाव्हियाच्या बाबतीत मुळीच टिकत नाही. ३१ जानेवारी १९४६ ची पहिली घटना सोव्हिएत संघाच्या १९३६ च्या घटनेबरहुकूम बेतलेली होती, हे निर्विवाद. परंतु १९४८ मध्ये स्तालिनशी बिनसल्यानंतर कारखान्यांचा कारभार १९५० च्या कायद्याने कामगार-मंडळांकडे सोपविणाऱ्या आणि १९६३ च्या घटनेने स्वतंत्र घटना-न्यायालय स्थापणाऱ्या राज्याला मॉस्कोची नक्कल म्हणणे केवळ आळसाचे आहे.

१९७४ च्या घटनेने घटक-प्रजासत्ताकांना फुटून निघण्याचा परवाना बहाल केला, असेही सांगितले जाते. विभक्त होण्याच्या हक्काचा उल्लेख तीत आहे खरा, पण तो आरंभीच्या मूलतत्त्वांत, पुढील ४०६ कलमांत (आपल्या मूळ घटनेची ३९५ होती!) त्याची कार्यपद्धती कोठेच नाही, उलट सर्व प्रजासत्ताकांच्या व स्वायत्त प्रांतांच्या संमतीवाचून संघराज्याच्या सीमा बदलता येणार नाहीत, असे पाचवे कलम बजावते.

मग टिटोंचा शब्द हीच घटना, हा आक्षेप उरतो. त्यांना मुदतीच्या बंधनाविना राष्ट्राध्यक्ष निवडण्याची तरतूद त्यांचे नाव घालून केलेली होती. तथापि ४ मे १९८० रोजी त्यांचे निधन झाल्यावर सामुदायिक अध्यक्षमंडळाचे अध्यक्षपद सहा प्रजासत्ताके व कोसोव्हो-व्होयव्होदिना हे दोन प्रांत यांच्यात दरसाल पाळीपाळीने, ठरल्या क्रमाने फिरत राहिले, ते त्याच दस्तऐवजाच्या बळावर. माझ्या मते त्याचा घात दुर्लक्षाने झाला नाही, काटेकोर हिशोबाने झाला. मिलोशेविच यांच्या सर्बियाने मार्च १९८९ मध्ये दोन्ही प्रांतांची स्वायत्तता संपुष्टात आणण्याइतकी छाटली, परंतु अध्यक्षमंडळातील त्यांच्या दोन जागा मात्र शाबूत ठेवल्या, कारण सर्बियाचे स्वतःचे व माँटेनिग्रोचे मत जोडले की आठांपैकी चार मते एका गोटात येत. मे १९९१ मध्ये पाळी आली क्रोएशियाच्या स्त्येपान मेसिच यांची. आवश्यक ती पाच मते त्यांना मिळाली नाहीत, आणि २५ जूनला स्लोव्हेनिया व क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य घोषित केले तेव्हा ते पद रिकामेच होते. मेसिच त्यावर आले ते जुलै लागताना, युरोपीय मध्यस्थांच्या दडपणाखाली.